मेक्सिको सिटीत राहायला जाताना: मराठी कुटुंबांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शक

नोकरीनिमित्त मेक्सिकोला जाणाऱ्या माणसाला कंपनी व्हिसाची कागदपत्रे करून देते, विमानाचे तिकीट देते आणि सुरुवातीचे काही दिवस हॉटेलात ठेवते. त्यानंतरचे सगळे त्याचे त्यालाच निस्तरावे लागते. हा लेख त्या ‘त्यानंतर’साठी आहे. तो मुख्यतः मेक्सिको सिटी डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. ग्वादलाहारा, मॉन्तेर्रेय किंवा केरेतारो येथे जाणाऱ्यांनाही त्यातील बहुतेक गोष्टी लागू पडतील. एक गोष्ट आधीच सांगतो. या देशात कागदांचा एक क्रम आहे आणि माणसांशी वागण्याचाही एक क्रम आहे, आणि दोन्हींत मधली पायरी गाळली की पुढची पायरी अडते.

1. निघण्यापूर्वी जमवायची कागदपत्रे

नोकरीच्या व्हिसाची सुरुवात मेक्सिकोत होते. तेथील कंपनी स्थलांतर खात्याकडे, ज्याला सगळे नुसते ‘मिग्रासिऑन’ म्हणतात, अर्ज करते आणि मंजुरीनंतर एक क्रमांक मिळतो. तो क्रमांक घेऊन तुम्ही मेक्सिकोच्या दूतावासात मुलाखतीला जाता. अमेरिकेचा वैध व्हिसा असल्यास पर्यटक किंवा पाहुणा म्हणून मेक्सिकोत वेगळ्या व्हिसाशिवाय प्रवेश मिळतो हे खरे आहे. पण त्या मार्गाने प्रवेश करून तेथील पगार घेता येत नाही. ‘आधी या, मग बघू’ असे कोणी सुचवले तरी ते ऐकू नये.

सोबत पुढील गोष्टी असाव्यात:

– पासपोर्ट आणि त्याच्या भरपूर प्रती
– विवाह नोंदणी प्रमाणपत्र व मुलांचे जन्मदाखले, अपॉस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून केलेले सरकारी प्रमाणीकरण) केलेले
– पदवी प्रमाणपत्र, शक्यतो तेही अपॉस्टिल केलेले
– पासपोर्टवरील नाव आणि विवाह प्रमाणपत्रावरील नाव वेगळे असल्यास त्याचा पुरावा
– मुलांच्या शाळेचे गुणपत्रक व लसीकरणाची नोंद

अपॉस्टिल भारतातच करून घ्यावे लागते. महाराष्ट्रात दिलेल्या दाखल्यांना आधी राज्य पातळीवर साक्षांकन आणि नंतर परराष्ट्र मंत्रालयाचे अपॉस्टिल अशी दोन टप्प्यांची वाट आहे, म्हणून तिकीट हाती येण्याची वाट न पाहता हे काम सुरू करावे. स्पॅनिश भाषांतर मात्र मेक्सिकोत गेल्यावर, तेथील मान्यताप्राप्त भाषांतरकाराकडूनच करून घ्यावे. भारतात केलेले भाषांतर स्वीकारले जाईलच असे नाही.

सामानाबाबत दोन सूचना. मेक्सिकोत विजेचा दाब 127 व्होल्ट आहे, त्यामुळे आपला मिक्सर तेथे कण्हत फिरतो आणि इस्त्री तापत नाही. विजेची उपकरणे तेथेच घ्यावीत. प्रेशर कुकर मात्र अवश्य न्यावा. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे 2,240 मीटर उंचीवर आहे, तेथे पाणी 92–93 अंशांनाच उकळते आणि उघड्या पातेल्यात हरभरा शिजता शिजत नाही. सुटी कडधान्ये, बियाणे आणि रोपे विमानतळावरील तपासणीत अडकू शकतात. बंद पाकिटातील दळलेले मसाले न्यावेत.

2. पहिले 30 दिवस

नोकरीचा व्हिसा हा मुळात एकदाच प्रवेश करण्याचा परवाना असतो. देशात पाऊल ठेवल्यापासून 30 दिवसांच्या आत मिग्रासिऑनच्या कार्यालयात जाऊन तो तात्पुरत्या रहिवाशाच्या ओळखपत्रात बदलून घेण्याची प्रक्रिया सुरू करावी लागते. या अदलाबदलीला ‘कान्हे’ म्हणतात. विमानतळावर अधिकाऱ्याने नोंद करताना ‘कान्हे’ आणि ‘30 दिवस’ असे लिहिले आहे का, हे खिडकीसमोरून हलण्यापूर्वी पाहा. अनेकदा गडबडीत पर्यटकाची नोंद केली जाते आणि मग ती दुरुस्त करणे हा स्वतंत्र उद्योग होऊन बसतो. ओळखपत्र हातात येण्यापूर्वी देशाबाहेर जाऊ नये. शेजारच्या अमेरिकेत दोन दिवसांची बैठक असली तरी नाही.

पती किंवा पत्नीला कुटुंबीय म्हणून मिळालेल्या ओळखपत्रावर आपोआप नोकरी करता येत नाही, त्यासाठी वेगळी परवानगी लागते. तसेच पत्ता, नोकरी किंवा वैवाहिक स्थिती बदलल्यास 90 दिवसांच्या आत मिग्रासिऑनला कळवणे बंधनकारक आहे. घर बदलल्यावर हे बहुतेक जण विसरतात आणि नूतनीकरणाच्या वेळी दंड भरतात.

3. नावाचा घोळ, कुर्प आणि कराचा क्रमांक

मेक्सिकन माणसाला दोन आडनावे असतात, पहिले वडिलांकडचे आणि दुसरे आईकडचे. विवाहानंतर बाईचे नाव बदलत नाही. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी रचना असते. तेथील लिपिकाच्या डोळ्यांना तीन शब्द दिसले की तो मधल्या शब्दाला पहिले आडनाव समजतो, आणि ‘स्वाती अनिल कुलकर्णी’ या बाईंचे आडनाव सरकारदरबारी ‘अनिल’ होते.

हे तपासण्याची एक सोपी युक्ती आहे. कुर्प हा 18 अक्षरांचा लोकसंख्या क्रमांक ओळखपत्रावरच छापलेला असतो. त्याची पहिली दोन अक्षरे म्हणजे आडनावाचे आद्याक्षर आणि त्यातला पुढचा पहिला स्वर, तिसरे अक्षर दुसऱ्या आडनावाचे आणि चौथे स्वतःच्या नावाचे. दुसरे आडनाव नसेल तर तिसऱ्या जागी ‘एक्स’ येतो. म्हणजे स्वाती कुलकर्णी यांचा कुर्प ‘के, यू, एक्स, एस’ असा सुरू व्हायला हवा. त्यापुढे जन्मतारीख येते आणि आणखी पुढे ‘एन, ई’ ही परदेशी जन्माची खूण. पहिल्याच दिवशी हे जुळवून पाहावे, कारण कर खाते, बँक आणि सामाजिक सुरक्षा संस्था याच क्रमांकावर पुढची इमारत उभी करतात. अर्जात दुसऱ्या आडनावाची चौकट रिकामी दिसते म्हणून तिथे आईचे नाव लिहिण्याचा मोह टाळा; जे पासपोर्टवर आहे तेच सर्वत्र असावे.

कुर्पनंतर कर खात्याकडून 13 अक्षरांचा ‘आरएफसी’ हा कराचा क्रमांक घ्यायचा. त्यासाठी भेटीची वेळ आधी ठरवावी लागते आणि ती लवकर मिळेलच असे नाही, म्हणून ओळखपत्र मिळाले त्याच दिवशी संकेतस्थळावर प्रयत्न सुरू करावा. बँक खाते त्यानंतर. खाते उघडल्यावर 18 अंकी ‘क्लाबे’ क्रमांक मागून घ्या. पगार आणि घरभाडे त्याच क्रमांकावर फिरते.

4. घर शोधणे

येथे नवख्यांना सर्वांत मोठा धक्का बसतो तो ‘आव्हाल’चा. आव्हाल म्हणजे जामीनदार, आणि तोही त्याच शहरात स्वतःच्या नावावर कर्जमुक्त घर असलेला. परक्या देशातून आलेल्या माणसाला असा जामीनदार कोठून मिळणार? त्याऐवजी ‘पोलिसा हुरीदिका’ नावाचा कायदेशीर हमीचा करार विकत घेता येतो, किंवा काही घरमालक जादा अनामत घेऊन मान्य करतात. कंपनीने स्वतःच्या नावावर भाडेकरार केला तर उत्तमच, आणि हे नोकरीच्या वाटाघाटींच्या वेळीच मागून घ्यावे.

घर पाहताना भिंतींच्या रंगापेक्षा जमिनीकडे आणि पाण्याकडे लक्ष द्यावे. शहराचा मध्यभाग, रोमा आणि कोंदेसा या लोकप्रिय वस्त्या जुन्या सरोवराच्या मऊ गाळावर उभ्या आहेत आणि भूकंपात तेथे हादरे वाढतात. दक्षिणेकडील पेद्रेगालचा भाग घट्ट लाव्हाच्या खडकावर आहे. 1985 आणि 2017 च्या भूकंपांनंतर इमारतीची तपासणी झाली होती का, ती कोणत्या वर्षी बांधली, हे निःसंकोच विचारावे. काही भागांत नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून गच्चीवरील टाकीबरोबर जमिनीखालची टाकीही आहे का ते पाहावे.

विजेचे बिल दोन महिन्यांनी येते. तेच तुमच्या पत्त्याचा सर्वमान्य पुरावा असते, म्हणून ते फेकू नये. आधीच्या भाडेकरूची थकबाकी मीटरवर चढलेली नाही ना, हे करारापूर्वी बिल मागून तपासावे. वापर ठरावीक मर्यादेच्या वर सतत राहिला तर सवलतीचा दर जाऊन मोठ्या वापराचा महागडा दर लागू होतो. विजेवर चालणारे हीटर हिवाळ्यात हेच करतात.

5. गल्लीतले आवाज

या शहरात निम्म्या सेवा आवाजावरून ओळखायच्या असतात. नळाचे पाणी कोणी पीत नाही. 20 लिटरच्या ‘गार्राफोन’ बाटल्या घेऊन माणूस ओरडत येतो. गॅसचा ट्रक आपल्या ठरलेल्या आरोळीने, तर कचऱ्याची गाडी घंटेने ओळखायची. घंटा ऐकू आली की ओला आणि सुका कचरा वेगळा घेऊन खाली जावे लागते आणि सफाई कामगाराच्या हातावर काही नाणी ठेवण्याची रीत आहे. संध्याकाळी गल्लीत शिट्टीसारखा कर्कश, लांबलचक आवाज आला तर घाबरू नये, तो भाजलेल्या रताळ्यांचा गाडा असतो.

नाणी सतत खिशात हवीतच. सुपरमार्केटमध्ये पिशवी भरून देणारी वृद्ध माणसे पगारी नसतात, त्यांचे उत्पन्न म्हणजे फक्त ही बक्षिसी. पेट्रोल भरणारा, गाडी लावून देणारा, यांचेही तसेच. उपाहारगृहात 10 ते 15 टक्के.

6. आधी अभिवादन, मग काम

भारतीय माणूस, त्यातही पुण्या-मुंबईचा, खिडकीशी जातो आणि थेट प्रश्न विचारतो. मेक्सिकोत हा उद्धटपणा समजला जातो. दुकानात शिरताना, लिफ्टमध्ये, डॉक्टरांच्या प्रतीक्षागृहात अनोळखी लोकांनाही आधी ‘बुएनोस दियास’ म्हणायचे. दुपारी बारानंतर ‘बुएनास तार्देस’, अंधार पडल्यावर ‘बुएनास नोचेस’. त्यानंतरच काम सांगायचे. उपाहारगृहातून बाहेर पडताना शेजारच्या टेबलावर जेवणाऱ्या अनोळखी लोकांनाही ‘प्रोवेचो’, म्हणजे जेवण अंगी लागो, असे म्हणतात. मला विचाराल तर स्पॅनिशचे व्याकरण शिकण्याआधी हे चार-पाच शब्द पाठ करावेत. मिग्रासिऑनच्या खिडकीवर इंग्रजी चालत नाही, पण हसून केलेले अभिवादन चालते.

स्त्रिया एकमेकींना, आणि स्त्री-पुरुष एकमेकांना, गालाला गाल लावून भेटतात. पुरुष हस्तांदोलन करतात आणि ओळख वाढली की पाठीवर थाप देऊन मिठी मारतात. ज्यांना हे अवघड वाटते त्यांनी आधीच हात पुढे करावा, कोणी वाईट वाटून घेत नाही. दहा जण बसलेल्या खोलीत शिरलात तर दहाही जणांना वेगवेगळे भेटायचे आणि निघताना पुन्हा दहाही जणांचा निरोप घ्यायचा. नुसता सर्वांना मिळून हात हलवून निघणारा माणूस रागावून गेला असे समजतात.

वडीलधारी माणसे, अधिकारी आणि घरमालक यांना ‘उस्तेद’ म्हणावे, समोरच्याने सांगेपर्यंत ‘तू’वर येऊ नये. स्पॅनिशमध्येही एकेरीसाठी ‘तू’च आहे, त्यामुळे मराठी माणसाची जीभ तिकडे पटकन घसरते. कार्यालयात पदवी हेच संबोधन असते: पदवीधराला ‘लिसेन्सियादो’, अभियंत्याला ‘इन्हेनिएरो’ किंवा जवळिकीने ‘इन्हे’. दुसरीकडे, बाजारात कोणी तुम्हाला रंगावरून, उंचीवरून किंवा जाडीवरून हाक मारेल. ‘गोर्दितो’, ‘फ्लाको’, ‘मोरेनो’ या हाका बहुधा लाडाच्या असतात, त्यावर भांडू नये.

तुम्ही कोठले, या प्रश्नाला ‘सोय दे ला इंदिया’ असे उत्तर द्यावे. तेथे भारतीय माणसाला, त्याचा धर्म कोणताही असो, सर्रास ‘इंदू’ म्हणतात, कारण ‘इंदिओ’ हा शब्द मूलनिवासींना हिणवण्यासाठी वापरला गेला आहे. तो स्वतःसाठी किंवा दुसऱ्यासाठी वापरू नये. या देशात 68 मूलनिवासी भाषासमूह आजही आहेत आणि त्यांच्या वाट्याला आलेली अवहेलना हा तेथील समाजातला दुखरा विषय आहे.

कामाच्या ठिकाणी आणखी एक अडचण येते. स्पष्ट नकार देणे असभ्य समजले जात असल्यामुळे ‘हो, नक्की’ हे उत्तर कधीकधी केवळ सौजन्य असते. एखादे काम खरेच होणार आहे का हे कळण्यासाठी ‘कोणत्या दिवशी, किती वाजता, कोण करणार’ असे विचारावे. उत्तरात तारीख आली तर होकार, नुसतेच आश्वासन आले तर सौम्य नकार. भर बैठकीत सहकाऱ्याची चूक दाखवणे मात्र अक्षम्य मानतात. ती गोष्ट बाजूला घेऊन, कॉफी पिता पिता सांगायची.

7. ताटात काय येते

मुख्य जेवण दुपारी दोन ते चारच्या दरम्यान असते. कार्यालयाजवळच्या छोट्या खाणावळीत ‘कोमिदा कोर्रिदा’ मिळते: सूप, भात, एक मुख्य पदार्थ, टॉर्टिया (मक्याची पातळ भाकरी) आणि फळाचे पाणी, सगळे ठरलेल्या दरात. जेवणानंतर लगेच उठू नये. बिलही मागितल्याशिवाय आणत नाहीत, कारण न मागता आणणे म्हणजे पाहुण्याला हाकलणे.

शाकाहारी माणसाने येथे सावध राहावे. ‘मांस नको’ एवढेच सांगितले तर कोंबडी किंवा हॅम येऊ शकते, कारण बोलीत ‘कार्ने’ म्हणजे मुख्यतः गोमांस. आणि दिसणाऱ्या मांसापेक्षा न दिसणारे जास्त फसवते. परतलेल्या घेवड्याच्या लगद्यात आणि तामाल या मक्याच्या वाफवलेल्या पदार्थाच्या पिठात ‘मान्तेका’, म्हणजे डुकराची चरबी, असते. तांबडा भात बहुधा कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेला असतो. म्हणून ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन हामोन, सिन मान्तेका, सिन काल्दो दे पोयो’ ही पूर्ण यादी कागदावर लिहून दाखवावी. मेक्सिको सिटीत केसादिया, म्हणजे सारण भरून दुमडलेली टॉर्टिया, मागताना ‘कॉन केसो’ असेही सांगावे लागते, नाहीतर नावात चीज असूनही पदार्थात ते नसते.

एवढी काळजी घेतली की शाकाहाऱ्याला हा देश उदार आहे. काटे काढलेल्या निवडुंगाचे ‘नोपालेस’, भोपळ्याच्या फुलांची भाजी, मक्यावर येणाऱ्या काळ्या बुरशीचे ‘हुइत्लाकोचे’, पोब्लानो मिरचीच्या पट्ट्या मलईत, हे सगळे आवर्जून खावे. आठवड्यातून एकदा रस्त्यावर भरणाऱ्या ‘तियांगिस’ बाजारात ‘वेर्दोलागास’ विचारा, ती आपली घोळीची भाजी आहे. ‘किन्तोनिल’ हा माठाचा भाऊबंद. ‘हामाइका’चे लाल आंबट सरबत लाल अंबाडीच्या बोंडांचे. ‘पिलोन्सियो’ हा गुळाला चालतो, ‘केसो पानेला’ पनीरच्या जागी तळता येते, मसूर आणि हरभरा सर्वत्र मिळतो, चिंच तर त्यांची स्वतःची असल्यासारखी मिळते. तूरडाळ आणि कढीपत्ता मात्र भारतीय दुकानातूनच आणावा लागतो. एकादशी करणाऱ्यांना मुळीच अडचण नाही: राजगिऱ्याची वडी तेथे ‘आलेग्रिया’ नावाने रस्त्यारस्त्यावर विकतात, आणि रताळे, शेंगदाणे, बटाटा, मिरची ही आपल्या उपवासाची सामग्री मुळात अमेरिका खंडातूनच आपल्याकडे आलेली आहे.

मक्याविषयी थट्टा करू नये, तो तेथे श्रद्धेचा विषय आहे. चुन्याच्या निवळीत मका शिजवून दळण्याची पद्धत हजारो वर्षांची आहे आणि टॉर्टियाचा वास तिच्यातूनच येतो. या मक्याशी एका मराठी माणसाचेही नाव जोडलेले आहे. वर्ध्याचे क्रांतिकारक डॉ. पांडुरंग खानखोजे यांनी 1920 च्या दशकात चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवले आणि मक्याच्या वाणांवर संशोधन केले. मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीतील भित्तिचित्रात त्यांना पंक्तीत भाकर मोडून देताना रंगवले आहे. मेक्सिकन सहकाऱ्यांना हे सांगितले की ओळख पटकन वाढते.

8. वर्षाचे गणित

पगार महिन्यातून दोनदा, 15 तारखेला आणि अखेरीस होतो. त्या दिवशी शुक्रवार आला तर एटीएमसमोर रांगा आणि रस्त्यावर कोंडी ठरलेली. त्या संध्याकाळी विमानतळ गाठायचा असेल तर दुपारीच निघावे. 20 डिसेंबरपूर्वी किमान 15 दिवसांच्या पगाराएवढा ‘आगिनाल्दो’ हा वर्षअखेरचा बोनस देणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे आणि 2023 पासून पहिल्या वर्षाची सुट्टी 12 दिवसांची झाली आहे. करारात याहून कमी लिहिले असेल तर प्रश्न विचारा.

स्वातंत्र्याचा उत्सव 15 सप्टेंबरच्या रात्री आणि 16 ला असतो. 5 मे हा 1862 च्या प्युएब्लाच्या लढाईचा दिवस आहे. त्या दिवशी सहकाऱ्यांना स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा देणे टाळावे. 10 मेला मातृदिन, तेव्हा दुपारी कोणतीही बैठक ठेवू नये. 1 आणि 2 नोव्हेंबरला मृतांचा सण येतो, कार्यालयातही झेंडूने सजवलेली वेदी मांडतात. झेंडू मूळचा तिकडचाच. वेदीवर ठेवलेला फोटो कोणाचा, हे आदराने विचारावे, लोक आनंदाने सांगतात. पण तिथले खाद्यपदार्थ उचलू नयेत. 12 डिसेंबरच्या ग्वादालुपे मातेच्या दिवसापासून 6 जानेवारीपर्यंत काम मंदावते, म्हणून महत्त्वाच्या सह्या नोव्हेंबरातच घ्याव्यात. 6 जानेवारीच्या गोल पावात लपवलेली छोटी बाहुली ज्याच्या तुकड्यात निघेल त्याने 2 फेब्रुवारीला सर्वांना तामाल खाऊ घालायचे असतात, आणि ही गंमत कार्यालय विसरत नाही.

2022 मध्ये देशाच्या बहुतेक भागांत उन्हाळी वेळ रद्द झाली, त्यामुळे मेक्सिको सिटी आता वर्षभर भारताच्या साडेअकरा तास मागे असते. घरी फोन करायला सकाळी साडेसात ही चांगली वेळ, तेव्हा इकडे संध्याकाळचे सात वाजलेले असतात.

9. भूकंप, आजारपण आणि ओळखपत्राचे नूतनीकरण

रस्त्यावरील खांबांवरून भूकंपाचा भोंगा वाजला की वाद न घालता, लिफ्ट न वापरता बाहेर पडावे. केंद्र दूर किनाऱ्यावर असेल तर काही सेकंदांची सवड मिळते. 2017 मध्ये केंद्र जवळ असल्यामुळे ती जवळजवळ मिळालीच नाही. वरच्या मजल्यावर असाल तर इमारतीतील ठरवून दिलेली सुरक्षित जागा आधीच पाहून ठेवा. दर 19 सप्टेंबरला देशभर सराव होतो, त्या दिवशी दचकू नये, पण सहभागी अवश्य व्हावे. आपत्कालीन क्रमांक 911.

साध्या तापासाठी औषधाच्या दुकानाला लागून असलेल्या दवाखान्यात थोड्या पैशांत डॉक्टर भेटतात. प्रतिजैविके 2010 पासून चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. पगारातून सामाजिक सुरक्षा संस्थेची वर्गणी कापली जाते, म्हणून पत्त्यानुसार तुमचे तेथील चिकित्सालय नोंदवून घ्या, मग खासगी विमा असला तरीही.

पहिले ओळखपत्र एका वर्षाचे असते. मुदत संपण्यापूर्वीच्या 30 दिवसांत नूतनीकरणाचा अर्ज करावा. शुल्क दर वर्षी बदलते, ते संकेतस्थळावर पाहून जावे. त्या काळात भारतवारीचे तिकीट काढू नये. एकूण चार वर्षे तात्पुरते रहिवासी म्हणून पूर्ण झाली की कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येतो, आणि त्या ओळखपत्रावर नोकरी बदलायला वेगळी परवानगी लागत नाही.